घरच्या शेगडीवर श्रिम्प बॉइल: कोळंबी आधी शिजवा, मग मुरवा

श्रिम्प बॉइल म्हणजे कोळंबी, बटाटे, मका आणि सॉसेज एकाच पातेल्यात, मसाल्याच्या पाण्यात उकळून करायचा पदार्थ. अमेरिकेतल्या लुइझियानात तो करतात बहुधा अंगणात. खाली फुरफुरणारा प्रोपेनचा बर्नर, वर साठ-सत्तर लिटरचं पातेलं. तिथली कृती जशीच्या तशी स्वयंपाकघरात आणली की दोन गोष्टी हमखास होतात. कोळंबी रबरासारखी चिवट होते, आणि तिखट-मीठ सगळं सालावर राहून आतलं मांस अळणी लागतं. मग पुढच्या वेळी चव उतरावी म्हणून माणूस आणखी पाच मिनिटं उकळतो आणि उरलीसुरली कोळंबीही घालवतो.

यात दोन कामांची गल्लत आहे. कोळंबी शिजायला २ ते ३ मिनिटं पुरतात. मसाला आत मुरायला १५ मिनिटं तरी लागतात, आणि ती आच बंद झाल्यानंतरची. या दोन कामांमध्ये पाणी थंड करायची एक पायरी आहे, आणि बहुतेक जण नेमकी तीच गाळतात.

दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावर, म्हणजे लोकंट्री भागात, हाच पदार्थ न मुरवता करतात. कोळंबी गुलाबी झाली की निथळायची आणि वाढायची. त्याला फ्रॉगमोर स्ट्यू असंही नाव आहे, रस्सा मात्र त्यात नसतो. तसं हवं असेल तर खालचा आठवा टप्पा सोडून द्या. बाकी सगळं तेच.

## चार जणांसाठी काय काय

- सालासकट, बिनडोक्याची कच्ची कोळंबी: १ किलो
- ४ ते ५ सेंमी जाडीचे, पातळ सालीचे छोटे लाल बटाटे: ७०० ग्रॅम
- मक्याची कणसं: ४
- धुरावलेलं सॉसेज (लुइझियानातलं मसालेदार अँडूई मिळालं तर उत्तम): ३५० ते ४०० ग्रॅम
- कांदे २, लसणाचे अख्खे गड्डे २, लिंबं ३
- पाणी ६ लिटर, बर्फ १ किलो
- मसाला आणि मीठ: त्यासाठी तिसरा टप्पा नीट वाचा
- शेवटी चोळायला लोणी: १०० ग्रॅम

## १. आधी पातेलं तपासा

इतक्या जिनसांना १२ लिटरचं पातेलं लागतं. दहाचं चालेल, पण बर्फ घालताना जीव मुठीत धरावा लागेल. मनात शंका असेल तर एक सोपी चाचणी आहे. बटाटे, कणसं, सॉसेज आणि पिशवीतली बंद कोळंबी कोरड्या पातेल्यात ठेवा, सगळं बुडेपर्यंत मोजून पाणी ओता आणि पातळी कुठे येते ते बघा. कडेखाली चार बोटं जागा उरत नसेल तर पातेलं लहान आहे. अशा वेळी पाणी कमी करू नका, जिन्नस कमी करा. पाणी कमी केलं की थंड कोळंबी पडताच ते एकदम निवतं आणि पुढची सगळी वेळ चुकते.

पातेल्यात बसणारी जाळीची टोपली असेल तर निथळणं सोपं होतं. नसेल तर मोठी चाळण आणि लांब दांड्याचा झारा आधीच जवळ ठेवा.

सावधान: अंगणातला प्रोपेन बर्नर घरात, गॅरेजमध्ये किंवा बंद बाल्कनीत पेटवू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला ना वास ना रंग, आणि तो जीव घेतो.

## २. कोळंबी: निवड, वितळवणं, साफसफाई

पाकिटावर २१/२५ किंवा २६/३० असा आकडा असतो. त्याचा अर्थ एका पाउंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, तितक्या कोळंब्या बसतात. आकडा जितका लहान तितकी कोळंबी मोठी. या कामाला २१/२५ सर्वांत सोयीची. त्याहून बारीक असेल तर पातेल्यात पडता पडताच शिजून पुढे जाते, आणि १६/२० सारखी मोठी असेल तर तिला मुरायला जास्त वेळ द्यावा लागतो.

विकत घेताना तीन गोष्टी बघा. कोळंबी करडी आणि अर्धपारदर्शक हवी. गुलाबी दिसली तर ती आधीच शिजवलेली आहे आणि पुन्हा उकळल्यावर तिचा निव्वळ चोथा होतो. साल शाबूत हवी, कारण ती आतल्या मांसाला थोडं आवरण देते. आणि पाकिटावरच्या घटकांत कोळंबी नि फार तर मीठ इतकंच असावं. फॉस्फेटचं नाव दिसलं तर कोळंबीला पाणी धरून ठेवायला लावलंय असं समजा. तिचं वजन त्या पाण्याचं असतं आणि शिजल्यावर ती विचित्र कुरकुरीत, उसळती लागते.

गोठवलेली कोळंबी आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. विसरलात तर बंद पिशवीसकट थंड पाण्यात पाऊण तास बुडवा, मधे एकदा पाणी बदला. कोमट पाणी नको. मायक्रोवेव्ह तर नकोच, कडा शिजतात आणि मध्ये बर्फ तसाच राहतो.

काळा दोरा काढायचा तर साल न काढता काढा. स्वयंपाकघरातल्या कात्रीने पाठीवरून साल चिरत जा, शेपटीच्या आधी थांबा, सुरीच्या टोकाने दोरा ओढा. चिरलेल्या पाठीतून मसालाही लवकर आत जातो. पण चीर खोल गेली तर कोळंबी शिजताना फुलपाखरासारखी उलगडते आणि कोरडी पडते, म्हणून साल नि वरचा पातळ थर इतकंच कापा. दोरा राहिला म्हणून काही बिघडत नाही, फक्त दाताखाली कचकच येते.

तपासा: अमोनियासारखा झोंबरा वास किंवा बोटांना बुळबुळीतपणा लागला तर टाकून द्या. मसाला झाकील ही आशा धरू नका. सालीवर नुसते काळे डाग असतील आणि वास चांगला असेल तर ती कोळंबी खराब झालेली नसते. ती काळिमा सफरचंद कापल्यावर काळवंडतं त्याच जातीची.

साफ झाली की कोळंबी पुन्हा फ्रीजमध्ये. पातेल्याजवळ ती येईल सगळ्यांत शेवटी.

## ३. मसाला आणि मीठ: इथेच सगळ्यांत जास्त चुका

बाजारातला तयार मसाला तीन तऱ्हांचा असतो, आणि कोणता हातात आहे यावर मिठाचा सगळा हिशेब अवलंबून आहे.

पहिला म्हणजे अख्ख्या मसाल्याची पिशवी, तशीच पाण्यात टाकायची. झॅटरेन्स कंपनीची क्रॅब बॉइलची पिशवी या प्रकारातली: मोहरी, धणे, लाल तिखट, बे लीफ, शेपूचं बी, ऑलस्पाइस (नाव फसवं, हा मिरीसारखा दिसणारा एकच मसाला). यात मीठ नसतं. दुसरा म्हणजे भुकटी. हिच्यात मीठ भरपूर असतं, बहुधा घटकांच्या यादीत सगळ्यांत आधी तेच. ओल्ड बे नावाची प्रसिद्ध भुकटीसुद्धा सेलरी सॉल्टवर, म्हणजे सेलरीच्या बियांच्या मिठावर, उभी आहे. तिसरा म्हणजे बाटलीतला अर्क, अतिशय जहाल, त्यातही मीठ नसतं. पाकिटावर सांगितलेल्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा, आणि बाटली हाताळलेल्या बोटांनी डोळे चोळू नका. दोन तास हळहळत बसाल.

अख्ख्या मसाल्यासाठी लिहिलेल्या कृतीतलं मीठ आणि डब्यातली भुकटी असं दोन्ही एकत्र पडलं की सगळं खारट होतं. यावर नंतर उपाय नाही, बटाट्यांनी मीठ आधीच शोषलेलं असतं.

मसाला घरी करायचा तर ६ लिटर पाण्याला मोहरी ३ मोठे चमचे, धणे २ मोठे चमचे, शेपूचं बी, काळी मिरी आणि ऑलस्पाइस प्रत्येकी १ मोठा चमचा, लवंगा ६, बे लीफ ६, आणि लाल तिखट २ छोटे चमचे ते १ मोठा चमचा, जीभ सोसेल तसं. अख्खे मसाले जाडसर ठेचा, पातळ सुती कापडाची पुरचुंडी बांधा. तिखट सुटं पाण्यात जाईल. पुरचुंडीचा कंटाळा केलात तर मोहरीचे दाणे कणसाच्या दाण्यांमध्ये जाऊन बसतात आणि जेवणारा एकेक टिपत बसतो.

एक आडवळण घेतो, कारण मराठीत लिहिताना ही गडबड वारंवार होते. बे लीफ म्हणजे तमालपत्र नव्हे. बे लीफ लॉरेल झाडाचं, त्याला काहीसा औषधी, निलगिरीकडे झुकणारा वास. तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं. पानावर मधोमध एकच शीर असेल तर बे लीफ, लांबीभर तीन शिरा असतील तर तमालपत्र. तमालपत्र घातल्याने पदार्थ बिघडत नाही, पण वास वेगळ्या गावाला जातो.

बिनमिठाच्या मसाल्याला लिटरमागे २५ ग्रॅम मीठ घ्या, म्हणजे ६ लिटरला १५० ग्रॅम. वजनकाट्यावर मोजा. बारीक मीठ चमच्यात जास्त बसतं, खडे मीठ कमी, त्यामुळे चमच्यांचं माप फसवतं. आकडा वाचून दचकू नका. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आपण त्याच्या बरंच अलीकडे आहोत, आणि पुढे बर्फ पडल्यावर हे पाणी आणखी सौम्य होणार आहे.

## ४. बाकीची कापाकापी

कणसांचे ५-६ सेंमीचे तुकडे करा. सॉसेजचे तिरके, बोटभर जाडीचे. कांदे चार फोडी, लसणाचे गड्डे आडवे मधोमध कापून. बटाटे एकाच मापाचे निवडा, एखादा मोठा असेल तर तोच तेवढा अर्धा करा. लिंबं अर्धी कापून बाजूला.

सॉसेजच्या पाकिटावर ते पूर्ण शिजवलेलं आहे का, हे वाचा. कच्चं असेल तर ते आधी वेगळं शिजवून, आत ७१ अंश सेल्सियस गाठून मगच या पातेल्यात आणा.

तपासा: बर्फ फ्रीझरमध्ये खरोखर आहे ना? १ किलो म्हणजे नेहमीचे चार-पाच ट्रे होतात. हे आदल्या दिवशी बघायचं, पाणी उकळल्यावर नव्हे.

जेवणाऱ्यांपैकी कुणाला कोळंबीची ॲलर्जी असेल तर त्यांचे बटाटे आणि मका वेगळ्या भांड्यात, वेगळ्या झाऱ्याने करा. कोळंबी पडलेल्या पाण्यातलं काहीही त्यांना चालत नाही, आणि पातेल्याची वाफही काहींना बाधते.

## ५. पाणी उकळा, मसाल्याला वेळ द्या

पाणी, मीठ, पुरचुंडी, तिखट, कांदा आणि लसूण पातेल्यात घालून झाकण ठेवा. घरगुती शेगडीवर ६ लिटरला उकळी यायला अर्धा तास सहज जातो. उकळी आल्यावर आच मध्यम करून १५ मिनिटं तसंच उकळू द्या. अख्ख्या मसाल्याचा अर्क उतरायला हा वेळ लागतो, आणि नंतर तो भरून काढता येत नाही.

एक्झॉस्ट सुरू ठेवा, खिडकी उघडा. तिखटाची वाफ घशात बसते. झाकण उचलताना चेहरा बाजूला.

तपासा: चमचाभर पाणी निववून चाखा. ते "बाप रे" म्हणायला लावणारं खारट आणि तिखट हवं. छान सूपसारखं लागलं तर कोळंबी अळणीच राहणार. मीठ-तिखट आत्ताच वाढवा.

लिंबं अजून घालायची नाहीत. आंबट पाण्यात बटाटा लवकर मऊ होत नाही, आणि लिंबाची साल फार उकळली की कडवट उतरते.

## ६. बटाटे, सॉसेज, मका

बटाटे घाला आणि घड्याळ लावा. ८ मिनिटांनी सॉसेज, आणखी ४ मिनिटांनी मका. मक्यानंतर ५ मिनिटं थांबून बटाट्यात सुरी टोचा.

सुरी आरपार, काही न अडता गेली पाहिजे. "उरलेलं मुरताना शिजेल" हा हिशेब इथे चालत नाही. मुरवण्याचं पाणी ७० अंशांच्या आसपास असतं आणि त्या तापमानाला बटाटा जिथल्या तिथे थांबतो, तासभर ठेवला तरी मध्ये कच्चाच. तेव्हा बटाटा पूर्ण शिजल्याशिवाय कोळंबीला हात लावायचा नाही, पाहुणे दारात आले तरी.

गोठवलेली कणसं वापरत असाल तर एक युक्ती आहे. ती इथे घालू नका. आठव्या टप्प्यात निम्म्या बर्फाऐवजी घाला. पाणीही थंड होतं आणि मका गरम होऊन तयार. गोठवण्याआधी मका बहुधा उकळत्या पाण्यातून काढलेला असतो, त्यामुळे तो कच्चा लागत नाही.

## ७. कोळंबी: दोन-तीन मिनिटांचा खेळ

पाणी खळखळ उकळत असताना लिंबं पिळा, पिळलेल्या फोडीही पाण्यात टाका. कोळंबी सगळी एकदम घाला, एकदा तळापासून ढवळा, झाकण ठेवा आणि आच बंद करा.

बहुतेक कृतींमध्ये इथे "पुन्हा उकळी येऊ द्या" असं लिहिलेलं असतं. अंगणातल्या बर्नरवर ती मिनिटभरात येते, म्हणून तिथे ते बरोबर आहे. घरच्या शेगडीवर किलोभर थंड कोळंबी पडल्यावर उकळी परत यायला पाच-सात मिनिटं लागतात, आणि तोवर कोळंबीचा निकाल लागलेला असतो. मी स्वतः दोनदा इमानाने उकळीची वाट पाहत उभा राहिलो आहे. दोन्ही वेळा साल मांसाला चिकटून बसली आणि सगळ्यांनी मका तेवढा संपवला.

आच बंद असली तरी पाणी ९० अंशांच्या जवळपास असतं. कोळंबीला ते भरपूर झालं. २ मिनिटांनी सगळ्यांत जाड कोळंबी काढा, मधोमध कापा. मांस मध्यापर्यंत पांढरं आणि अपारदर्शक हवं. मध्ये करडी, काचेसारखी रेघ दिसली तर अजून अर्धा-एक मिनिट. आकारही बघा: इंग्रजी सी अक्षरासारखी सैल वळली असेल तर झाली, गच्च वेटोळं झालं असेल तर पुढे गेली.

## ८. बर्फ घाला, मुरू द्या

कोळंबी शिजली रे शिजली की बर्फ पातेल्यात. लगोलग, सगळा. नीट ढवळा. इतक्या पाण्याचं तापमान १ किलो बर्फाने साधारण १५ ते १८ अंशांनी उतरतं, म्हणजे ७० च्या आसपास येतं. शिजणं मंदावतं, पाणी मात्र मसाला आत जाण्याइतकं गरम राहतं. थर्मामीटर असेल तर ६५ ते ७० अंश बघा.

आता चिमूटभर धीर. दर ५ मिनिटांनी एक कोळंबी सोलून खा. पहिल्या वेळी मसाला बोटांना लागेल, मांसाला नाही. १० मिनिटांनी फरक कळू लागेल. १५ ला बहुधा बरोबर असतं, मोठ्या कोळंबीला २०. बटाटेही याच वेळात तिखट होत जातात, म्हणून एखादा फोडून पाहा. हवी ती चव आली की थांबा. "अजून थोडं" करत पातेलं कोमट होईपर्यंत ठेवू नका. तेव्हा चव पुढे जात नाही आणि कोळंबी मात्र भुसभुशीत होते.

सावधान: बर्फाचा ट्रे उंचावरून उपडा करू नका. उडालेलं पाणी गरमही असतं आणि तिखटही. झाऱ्यात घेऊन सोडा.

## ९. निथळून वाढा

टोपली उचलून धरा, पाणी पूर्ण गळू द्या. पातेलं उचलून चाळणीत ओतायचं असेल तर आधी जिन्नस झाऱ्याने काढून घ्या. दहा किलोंच्या आसपास गरम ऐवज घेऊन सिंकपर्यंत चालण्यात शहाणपणा नाही. पुरचुंडी आणि लिंबाच्या फोडी काढून टाका.

लोणी वितळवा, त्यात ठेचलेला लसूण मिनिटभर परता, लिंबू पिळा आणि निथळलेल्या ढिगावर ओतून हलवा. काही जण लोणी पातेल्यातल्या पाण्यातच घालतात. मला ते पटत नाही. ते वर तरंगत राहतं आणि पाण्याबरोबर फेकलं जातं. वरून भुरभुरायचा मसाला असेल तर आधी एक बटाटा चाखा. त्यातही मीठ आहेच.

टेबलावर जाड कोरा कागद पसरून त्यावर ओततात. वर्तमानपत्राची जुनी रीत आहे, पण लोण्याने शाई सुटते, कोरा कागद बरा.

## दुसरी खेप आणि उरलेलं

आठ जणांसाठी सगळं दुप्पट करून एकाच पातेल्यात कोंबू नका. दोन खेपा करा. मसाल्याचं तेच पाणी त्याच संध्याकाळी परत उकळून चालतं, दुसरी खेप चवीला उजवीच होते. पहिल्या खेपेत बर्फ पडलेला असल्याने पाणी सौम्य झालेलं असतं आणि उकळताना पुन्हा आटतं, म्हणून मीठ अंदाजाने न घालता परत चाखा. पाणी फार वाढलं असेल तर बटाटे घालण्याआधी थोडं काढून टाका. बर्फ अर्थात दोन किलो लागेल.

उरलेली कोळंबी दोन तासांच्या आत सोलून बंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत थंडच खा. गरम केलीत तर पुन्हा शिजते. बटाटे आणि सॉसेज मात्र दुसऱ्या दिवशी तव्यावर खरपूस परतून घ्या. फक्त मीठ घालू नका.